अकरा मोकळ्या ओळी

मित्रांनो, ज्याला कपाट नाही असा मी एक जुना खण आहे. कपाटाशिवायचा खण म्हणजे दाराशिवायची कडी. लोक उचलून बघतात, ‘काय सुरेख काम आहे’ म्हणतात आणि होता तिथे ठेवून देतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांना कपाटं आहेत त्यांचंही आयुष्यभर फारसं कुणी ऐकलेलं मी पाहिलं नाही.

माझा जन्म ओकच्या लाकडातून एका फर्निचरच्या कारखान्यात झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डरहॅम गावातल्या काळ्या वस्तीच्या वाचनालयात आम्ही साठ भावंडं एकाच कपाटात राहायला आलो. गावात गोऱ्यांचं वाचनालय वेगळं होतं, ते मोठं होतं. आमच्या वाचकांना तिथे जायची मुभा नव्हती आणि त्यांच्या वाचकांना आमच्याकडे यायची इच्छा नव्हती, त्यामुळे दोन्हीकडे शांतता उत्तम असे. खिडकी उघडली की तंबाखूचा वास येई. गावच तंबाखूच्या कारखान्यांचं. अर्धी वस्ती तिथेच पानं निवडायला जाई आणि संध्याकाळी तोच वास अंगावर घेऊन पुस्तकं बदलायला येई.

माझ्याकडे कविता, कोंबडीपालन आणि प्रार्थना या विषयांवरच्या पुस्तकांची सूचीकार्डं होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमात हे तिघे जवळजवळ शेजारी आहेत, त्यात माझा काही हात नाही. पोटातून एक पितळी सळई आरपार जायची आणि प्रत्येक कार्डाच्या तळाला असलेल्या भोकात ती ओवलेली असायची. त्यामुळे कार्डं चाळता येत, पळवता येत नसत. पन्नासेक वर्षं मी हेच केलं. कुणी कवितेसाठी मला ओढलं, तर कुणी कोंबड्यांसाठी. खरं सांगायचं तर कोंबड्यांसाठी जास्त.

मग वाचनालयात पोलादी कपाटं आली आणि आम्हाला मागच्या दाराशी रचून ठेवलं. तिथे संध्याकाळच्या पाळीला एक मुलगी काम करायची. वर्डेल कझार्ट तिचं नाव, वय अठ्ठावीस. काळ्या लोकांच्या रंगभूमीवर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. ग्रंथपालबाई तिला म्हणाल्या, जळाऊ लाकडात जाण्याआधी यातला एक घेऊन जा. तिने मला उचललं, कारण माझ्या चिठ्ठीवर ‘कविता’ लिहिलं होतं. कोंबड्यांबद्दल ती कधी काही बोलली नाही. ती मुळातच सभ्य होती.

घरी नेल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझी सळई काढून टाकली. अभ्यासात कार्डं हलवता आली पाहिजेत, असं तिचं म्हणणं. पुढे जी चूक झाली ती सळई असती तरी टळली नसती, हे मला कळतं. पण पाठीचा कणा काढून घेतलेल्याला असले विचार येतातच.

वर्डेल पुढे प्रबंध पुरा करून डॉक्टर झाली, कॉलेजात शिकवू लागली आणि नाटकमंडळींची ड्रामाटर्ग झाली. हा धंदा काय असतो ते तिच्या आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. नाटक लेखक लिहितो, दिग्दर्शक बसवतो, नट करतात; मग ही काय करते? ही तालमीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून विचारते, ‘हे वाक्य इथे का आहे?’ कुणाच्या डोक्यावर कुठली टोपी होती, त्या वर्षी त्या रस्त्यावरून बस जायची का, बाई नवऱ्याला नावाने हाक मारील का, हे शोधून आणते. सगळं झालं की कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव दिवेवाल्यांच्या खाली बारीक अक्षरात छापतात. आई चर्चमधल्या बायकांना सांगायची, ‘माझी पोरगी थिएटरात प्रश्न विचारते. त्याचा तिला पगार मिळतो. माझ्या घरात ती हेच फुकट करायची.’

त्या सगळ्या प्रश्नांची कार्डं माझ्या पोटात. मी तिच्यासोबत न्यूयॉर्कला गेलो, अटलांटाला गेलो, एकदा विमानात तिच्या मांडीवर बसून गेलो. चाळीसहून जास्त नाटकं आम्ही दोघांनी केली. लोक ‘कझार्टबाईंचा खण’ म्हणून मला ओळखू लागले. एका तरुण लेखकाने तर माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती की दुसरा अंक पुन्हा लिहीन. लिहिला नाही, ती गोष्ट वेगळी.

पण तिचं नाव झालं ते एका जुन्या नाटकामुळे, आणि तेच मला सांगायचं आहे.

सदतीस साली आमच्याच वस्तीत लव्हीनिया पेटीफर्ड नावाच्या शाळामास्तरणीने एक नाटक लिहिलं होतं. नाव ‘देठ’. तंबाखूच्या पानाचा देठ काढणाऱ्या बायकांचं नाटक. चर्चच्या तळघरात त्याचे सहा प्रयोग झाले, मग मुकादमांच्या कानावर गेलं, आणि सातवा झाला नाही. मास्तरीणबाई वारल्या, संहिता हरवली. वर्डेलने ठरवलं की त्यात काम केलेलं कुणीतरी शोधायचं. ऐंशीच्या सुमाराला तिला मिस ओझेला टॅप सापडल्या. नाटकात त्या चौदा वर्षांच्या होत्या, आता अठ्ठावन्नच्या. वर्डेल टेपरेकॉर्डर घेऊन गेली आणि मलाही घेऊन गेली.

टेप संपली तशी मिस ओझेलांनी रताळ्याची पाई कापली. वर्डेलने एक घास खाल्ला आणि कृती विचारली. त्या सांगत गेल्या, ती माझ्यातलं एक कोरं कार्ड काढून लिहीत गेली. दालचिनी किती, जायफळ किती. मधेच मिस ओझेलांना काहीतरी आठवलं आणि त्या नाटकाबद्दल एक वाक्य बोलल्या. वर्डेलने कार्ड उलटं करून तेही लिहिलं. संहिता तेव्हा सापडलेली नव्हती, त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ लागणं शक्य नव्हतं. कार्डावर रताळी होती म्हणून ते माझ्या तळाशी ‘इतर’ या चिठ्ठीमागे गेलं.

मित्रांनो, ‘इतर’ हे प्रत्येक खणाचं परसदार असतं. तिथे काय आहे हे फक्त खणाला ठाऊक असतं.

तीन वर्षांनी चर्चचा पियानो दुरुस्तीला काढला तेव्हा त्याच्या बाकाच्या पोटात ‘देठ’ची टंकलिखित प्रत मिळाली. वर्डेल त्या दिवशी रडली. प्रत जवळपास पूर्ण होती, फक्त अकरा ठिकाणी ओळ नव्हती. ना बोलणाऱ्याचं नाव, ना शब्द. नुसती एक आडवी रेघ आणि पुढे कोरा कागद. तिने पुष्कळ विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की टंकणाऱ्याला मास्तरीणबाईंचं अक्षर तिथे लागलं नसावं. मग तिने दोन वर्षं खपून, कारखान्यांचे अहवाल वाचून, त्या काळची बोली तपासून, त्या अकरा ओळी भरल्या. प्रत्येक ओळीला तळटीप. सहाव्या जागी नाटकातली बाई विचारते, ‘सांगा बायांनो, या खिडक्या कधी उघडतात?’ आणि पुढे रेघ. तिथे वर्डेलने घातलं: ‘उघडत नाहीत, कारण वारा लागला की पान सुकतं, आणि सुकलेलं पान तुटतं.’ माहिती शंभर टक्के खरी होती. तळटीप पाऊण पानाची होती.

पुस्तक निघालं. परीक्षकांनी लिहिलं की त्या अकरा ओळी म्हणजे शोधबुद्धीचा नमुना आहे. वर्डेल प्राध्यापक झाली. आणि दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती माझ्या तळातून ते कार्ड काढी, ओट्यावर सुलटं ठेवी, पाई करी आणि पुन्हा परत ठेवी. वीस वर्षं. वीस वर्षांत कार्डावर लोणी सांडलं, साखरेचा पाक सांडला, एकदा मांजर चालून गेलं. उलटून मात्र ते कुणी पाहिलं नाही. मी लाकूड आहे, मला बोलता येत नाही. फुगता येतं. दमट दिवसांत मी फुगून तिच्या पुस्तकांच्या फळ्यांमध्ये अडून बसायचो. ती मेणबत्तीचं मेण लावून मला गप्प करायची.

मग दोन हजार चार साल आलं आणि गावातल्या एका बंद पडलेल्या तंबाखूच्या गोदामात थिएटर झालं. थॅड मँगम नावाच्या तरुण दिग्दर्शकाने पहिलं नाटक म्हणून ‘देठ’ घेतलं. ड्रामाटर्ग अर्थातच डॉक्टर कझार्ट. त्याच मुहूर्तावर पुस्तकाची नवी आवृत्ती यायची होती आणि तिचे छापायला जाण्याआधीचे कागद तिच्या टेबलावर पडले होते.

तालमीत कीओना नावाची नटी सहाव्या ओळीला रोज अडखळायची. तिचं म्हणणं, ‘डॉक्टर, ही ओळ तोंडात बसत नाही. कुणीतरी मला शाळेत उभं केलंय असं वाटतं.’ डॉक्टरांनी शांतपणे तळटीप वाचून दाखवली. कीओना म्हणाली, तळटीप छान आहे, तीच म्हणू का? आयुष्यभर दुसऱ्यांना ‘हे वाक्य इथे का आहे’ विचारणाऱ्या बाईला आपल्याच वाक्याबद्दल तो प्रश्न पडला नाही. मी तिथेच टेबलावर होतो. डोळ्यांचे डॉक्टर स्वतःचा चष्मा शोधत फिरतात, तसं ते होतं.

पहिल्या प्रयोगाला आठ दिवस राहिले तेव्हा मिस ओझेलांना तालीम बघायला आणलं. एक्याऐंशी वर्षं, जांभळी हॅट, हातात काठी. शनिवारची दुपार होती. डॉक्टरांनी त्यांच्याच कृतीची पाई करून आणली होती. त्या म्हणाल्या, जायफळ जास्त झालंय, आणि दुसरा तुकडा घेतला.

तालीम सुरू झाली. पहिल्या पाच जागा गेल्या, मिस ओझेला कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. सहाव्या जागी कीओनाने विचारलं, या खिडक्या कधी उघडतात? आणि स्वतःच उत्तर द्यायला तोंड उघडलं. मिस ओझेलांनी काठी आपटली.

‘ही कोणाचं बोलतेय?’

थॅड छताकडे बघू लागला. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

‘माझं,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘ती ओळ हरवली होती, मिस ओझेला. मी भरली.’

‘हरवली होती? तू कारखान्यात कुठल्या मजल्यावर कामाला होतीस गं पोरी?’

कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मग म्हाताऱ्या बाईने सावकाश सांगितलं की तिथे काहीही हरवलेलं नव्हतं. तिथे नटींनी थांबायचं असे. समोर बसलेल्या बायका दिवसभर पानं निवडून आलेल्या असत, त्या उत्तर देत. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पाद्र्याला देतात तसंच. रोज वेगळं उत्तर यायचं. एकदा तर कुणीतरी मुकादमाचं नाव घेतलं होतं, आणि सातवा प्रयोग का झाला नाही ते आता कळलं असेलच.

‘आणि हे मी तुला सांगितलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘पाईच्या दिवशी.’

डॉक्टरांनी नम्रपणे सांगितलं की त्या टेपा त्यांनी तीनदा ऐकल्या आहेत, त्यात हे कुठेच नाही. मिस ओझेला म्हणाल्या, मग टेपेलाच विचार जायफळ किती घालायचं ते. आणि हॅट सारखी करून त्या घरी जायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चर्चला जायच्या आधी, डॉक्टर ओटा पुसायला लागल्या. मी तिथेच शेगडीशेजारी होतो. पाईचं कार्ड पाकाने ओट्याला चिकटलं होतं. त्यांनी सुरीच्या टोकाने ते सोडवलं आणि ते उलटं हातात आलं. मागे त्यांच्याच एकतीस वर्षांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मिस पेटीफर्ड सांगायच्या, इथे तोंड मिटा आणि लोकांकडे बघा. पुढची ओळ त्यांची आहे.’

डॉक्टर स्टुलावर बसल्या. चर्चच्या घंटा झाल्या, पण त्या उठल्या नाहीत. मी तिला अठ्ठावीस वर्षांची असल्यापासून ओळखतो. ती काय विचार करत होती ते मला दिसत होतं. टेप बंद होती. साक्षीदार एक्याऐंशी वर्षांची बाई, तिच्या आठवणीला कोण धरून बसतं. कार्ड एकच होतं, आणि शेगडी हाताच्या अंतरावर होती. तिने कार्डाकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. मग तिने कार्ड ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसलं, आणि ‘इतर’मागे न ठेवता माझ्या अगदी पुढे, पहिल्या जागी ठेवलं.

सोमवारी तिने नवी आवृत्ती थांबवली आणि थॅडला म्हणाली, माझ्या अकराही ओळी काढून टाक.

थॅड वाईट मुलगा नव्हता. तो घाबरला. त्याने सांगितलं की त्या वेळचे प्रेक्षक कारखान्यातून आलेले होते, आताचे विद्यापीठातून येतात, शिंक आली तरी मध्यंतराची वाट बघतात. अकरा वेळा रंगमंच गप्प उभा राहिला तर लोक म्हणतील, नट विसरले. नाटक मरेल, डॉक्टर, आणि थिएटरही. शेवटी त्याने मिस ओझेलांची मनधरणी केली की तुम्ही पहिल्या रांगेत बसून तेवढं उत्तर द्या. त्यांनी साफ नकार दिला. ‘मी नटी आहे. ती जागा नटांची नाही. मास्तरीणबाई वरून बघत असतील.’

प्रयोगाच्या दिवशी मला बाहेरच्या दालनात टेबलावर मांडलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत डॉक्टरांनी एक चिठ्ठी घातली होती: ‘या नाटकाच्या माझ्या पुस्तकातल्या अकरा ओळी लेखिकेच्या नाहीत, माझ्या आहेत. नाटकाला त्यांची गरज नव्हती. चूक माझी.’ खाली सही. लोक ती वाचत होते, माझ्याकडे बघत होते आणि आत जात होते. गर्दीमुळे आत उकडायला लागलं म्हणून दार उघडं ठेवलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. डॉक्टर आत बसल्या नाहीत. माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, एक हात माझ्या कडेवर.

पहिली जागा आली. शांतता. इतकी की दिव्यांची गुणगुण ऐकू येत होती. दुसरी जागा आली, कुणीतरी खोकलं. तिसरी, चौथी. पाचव्या जागी कार्यक्रमपत्रिकांची सळसळ झाली. लोक चिठ्ठी पुन्हा वाचून बघत असावेत. डॉक्टरांची बोटं माझ्या लाकडात रुतली. तेवीस वर्षांची विद्वत्ता दाराशी उभी राहून एकेक श्वास मोजत होती.

सहावी जागा. ‘सांगा बायांनो,’ कीओना म्हणाली, ‘या खिडक्या कधी उघडतात?’

ती थांबली. थांबूनच राहिली. मग मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, थकलेला, काही विशेष सांगत नसल्यासारखा.

‘कुणी चक्कर येऊन पडलं की.’

नंतर कळलं की ती बाई पलीकडच्या गावात कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभ्याने काम करते. भाचीने तिकीट दिलं म्हणून आली होती. कोंबडीपालनाशी माझं जुनं नातं आहे, त्यामुळे मला जरा अभिमान वाटला. तिच्यानंतर कुणीतरी ‘खरंय’ म्हणालं, कुणीतरी ‘सांग बाई, सांग’ म्हणालं, आणि सातव्या जागेला कीओनाला थांबायला फुरसतच मिळाली नाही. अकराव्याला तर चौघं एकदम बोलले आणि त्यांच्यात मतभेद झाले.

डॉक्टरांनी माझ्या कडेवरचा हात काढला आणि पर्समधून रुमाल शोधला. एवढंच.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. नवी आवृत्ती रेघांसकट निघाली. एका मासिकाने लिहिलं की डॉ. कझार्ट यांचं सर्वात मोठं संशोधन वीस वर्षांनी चुकीचं ठरलं; त्यांच्याच संशोधनामुळे ठरलं हे लिहायला त्यांच्याकडे जागा नव्हती. डॉक्टरांनी ते कात्रण मिस ओझेलांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, यंदा जायफळ बरोबर आहे. दोन वर्षांनी त्या गेल्या.

निवृत्त होताना डॉक्टरांनी मला थिएटरला देऊन टाकलं. आत अकरा चिठ्ठ्या लावल्या आणि सांगितलं, प्रत्येक प्रयोगाला लोक जे बोलतील ते कार्डावर लिहून ठेवायचं. काही वर्षं मंडळींनी लिहिलंही. सहाव्या चिठ्ठीमागे एकशे नऊ कार्डं आहेत. ‘साहेब तपासणीला आले की.’ ‘माझ्या आईला विचार.’ ‘आमच्याकडे खिडकीच नाही.’ एका रात्री कुणीच बोललं नाही, तर तिकीटवाल्या बाईने कोरं कार्डच ठेवलं. ते मला सगळ्यात आवडतं.

हल्ली माझ्यात किल्ल्या, फोनच्या तारा आणि कुणाचं तरी खोकल्याचं औषध असतं. कार्डं मागे रेटलेली आहेत. महिन्यातून एकदा एक पंचाहत्तरीची बाई काठी टेकत येते, औषध आणि तारा बाहेर काढून ठेवते, कार्डं पुढे ओढते आणि जाते. दुसऱ्या दिवशी तारा परत येतात. ती पुन्हा येते. आमच्यात कंटाळण्याची पद्धत नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरात एखादा जुना खण असेल तर त्याच्या तळाशी काय पडलंय ते वर्षातून एकदा बघा, आणि जे हाताला लागेल ते फेकण्याआधी उलटून वाचा. दुसरं म्हणजे, कधी नाटकाला गेलात आणि रंगमंचावरची बाई प्रश्न विचारून गप्प उभी राहिली, तुमच्याकडे बघत, तर शेजाऱ्याकडे वळून ‘विसरली वाटतं’ असं म्हणू नका. ती विसरलेली नाही. पुढची ओळ तुमची आहे.